साळोबाशेठनी शब्द पाळला

एका जंगलात जमीन कुणाच्याच नावावर नव्हती.

हसू नका. खरंच नव्हती. ज्याला जिथं झोप येईल तिथं तो झोपायचा आणि सकाळी उठून चालू लागायचा. मागं राहिलेल्या जागेकडं वळून बघायचंसुद्धा नाही. किती मागासलेलं जंगल असेल, कल्पना करा.

अशा त्या अडाणी जंगलात एक साळिंदर जन्माला आलं. साळिंदर माहीत आहे ना? अंगभर काळेपांढरे काटे, रागावलं की फुलतात आणि खुळखुळ वाजतात. कोण खुसखुसतंय मागं? गप्प बसा. प्रश्न गोष्ट संपल्यावर विचारायचे, आणि तेव्हाही विचारले नाहीत तर माझी काही हरकत नाही.

तर त्या साळिंदराचं नाव साळोबा.

साळोबाला लहानपणापासून उकरायचा नाद. बाकीची साळिंदरं एक बीळ खणायची आणि जन्मभर त्यात राहायची. साळोबानं सात बिळं खणली. आई म्हणाली, "अरे मेल्या, राहणारा तू एकटा. सात बिळं कशाला?"

"आई, राहणारे येतील," साळोबा म्हणाला.

आले ना! त्या वर्षी नदीकाठची सशांची बिळं ढासळली. ससे पोरंबाळं घेऊन रस्त्यावर आले. साळोबा म्हणाला, "या की. घर तुमचंच समजा. फक्त रोज एक कंद आणून द्या." ससे कंद आणून देऊ लागले. साळोबाचं रानोमाळ हिंडणं थांबलं आणि त्या जंगलात पहिल्यांदाच एका प्राण्याला ढेरी आली. लांबलांबून लोक ती बघायला यायचे.

तुम्ही म्हणाल, ही आयत्या बिळावरच्या नागोबाची गोष्ट झाली. छे छे. नागोबा बिचारा निदान स्वतः तरी राहायचा.

मग एक दिवस साळोबाच्या डोक्यात प्रकाश पडला. बीळ द्यायचं तर ते आधी खणलेलं असायला हवं, असं कुणी सांगितलं? त्यानं पळसाचं मोठं पान घेतलं, आपल्याच अंगाचा एक काटा उपटला, जांभळाच्या रसात बुडवला आणि बिळाचं चित्र काढलं. चित्र घेऊन तो एका टेकाडावर बसला.

एक घूस आणि तिचा नवरा आले. घूस म्हणाली, "बीळ छान आहे हो. पण त्याच्या पुढं हे एवढं मोठं काय काढलंय?"

"तळं."

"पण शेठ, इथं तर नुसता खडक आहे."

"वहिनी, चित्र नीट बघा. खडक दिसतोय का कुठं?"

घुशीनं चित्र उलटंसुलटं करून पाहिलं. खडक कुठंच नव्हता. तिनं वर्षभराचे कंद आगाऊ दिले आणि आनंदानं घरी गेली. घरी म्हणजे पुन्हा झुडपाखाली. बोलाचीच कढी अन् बोलाचाच भात, पण ताट वाढल्याचं समाधान केवढं होतं!

अशा रीतीनं साळोबाचा साळोबाशेठ झाला. आता त्याला अरेतुरे करायचं नाही. आता 'ते'.

मोठ्या लोकांच्या चरित्रात दानधर्माचं एक प्रकरण असतंच. साळोबाशेठच्याही होतं. नदीच्या अगदी काठावर त्यांनी पाणपोई घातली. उद्घाटनाला स्वतः सिंह आला आणि नदीचं पाणी रांजणातून पिऊन गेला. पण हे किरकोळ दान. मोठं दान वेगळंच होतं.

त्या जंगलात राजा निवडून यायचा. दर पाच वर्षांनी सिंह आणि वाघ उभे राहायचे. दोघांचं हाडवैर. पाणवठ्यावर एक आला की दुसरा पाठ फिरवायचा. सिंह म्हणायचा, वाघानं जंगल खाल्लं. वाघ म्हणायचा, सिंहानं खाल्लं. दोघंही खरंच बोलायचे, हे त्या जंगलाचं वैशिष्ट्य.

सिंहाच्या सभेला मंडप साळोबाशेठचा. वाघाच्या सभेलाही मंडप तोच, फक्त झालर बदलायची. आणि सभा म्हटली की गर्दी लागते. ती कुठून आणायची? साळोबाशेठच्या बिळांत राहणारे ससे होते ना! शंभर ससे सभेला पाठवले जायचे. परत येताना सत्त्याण्णव यायचे. राहिलेल्या तिघांची चौकशी साळोबाशेठ कधी करत नसत. त्या जंगलात त्याला पक्षनिधी म्हणत.

या हाताचं दान त्या हाताला कळू नये म्हणतात. साळोबाशेठ अगदी तसंच वागायचे. सिंहाला दिलेलं वाघाला सांगायचे नाहीत, वाघाला दिलेलं सिंहाला सांगायचे नाहीत. दोघांनाही ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, तो भाग वेगळा.

आणि बदल्यात त्यांनी कधी काही मागितलं नाही. खोटं वाटतं? अरे, खरंच नाही मागितलं. मागावंच लागलं नाही.

आता नीट ऐका. इथून गोष्ट सुरू होते.

नदी जिथं वळते, त्या वळणावर एक बेहड्याचं झाड होतं. जुनं, दांडगं, चार हत्तींच्या कवेत न मावणारं. त्याच्यावर चाळीस बिऱ्हाडं. वानरं, पोपट, खारी, वटवाघळं, सगळी गुण्यागोविंदानं भांडत राहायची. बैठका घ्यायला आणि कागदपत्रं सांभाळायला एक घुबड होतं, घुबडनाना. ते दिवसा बैठक घ्यायचे, त्यामुळं बैठकीत झोपलेले असायचे. म्हणूनच सगळ्यांनी त्यांना बिनविरोध निवडलं होतं.

झाडावरून नदीची दोन्ही वळणं दिसायची. चाळीस बिऱ्हाडांतल्या कुणालाही त्याचं काही विशेष वाटत नसे. साळोबाशेठना वाटलं.

त्यांनी झाडाखाली सभा बोलावली. सोबत चित्र आणलं होतंच.

"हे झाड आता धोकादायक झालंय," ते म्हणाले. "याच्या जागी बारा मजली मनोरा उभा करू. दगडमातीचा, पक्का. तुम्हा सगळ्यांना त्यात जागा. आहे त्यापेक्षा वीतभर मोठी. एक दाणा द्यायचा नाही."

"आणि उरलेल्या जागा?" एका खारीनं विचारलं.

"त्या बाहेरच्यांना विकू. नदी बघायची हौस असलेले लोक असतात."

वानरांचा म्होरक्या म्हणाला, "फांद्या असतील ना?"

"फांद्यांऐवजी जिना."

वानरांनी जिना कधी पाहिलेला नव्हता. ते आनंदानं उड्या मारू लागले. पोपट ओरडू लागले, "जिना! जिना!" घुबडनानांनी एक डोळा उघडला, "मंजूर," म्हणाले आणि पुन्हा मिटला.

पण त्या जंगलात एक कायदा होता, आणि खोटं कशाला बोलू, चांगला होता. झाडावरच्या एकूण एक बिऱ्हाडानं पानावर पाय उमटवल्याशिवाय झाड पाडायचं नाही. एकोणचाळीस पाय उमटले. एक राहिला.

तो धनाजीचा. धनाजी हा धनेश पक्षी. मोठी पिवळी चोच, चोचीवर शिंग, आणि स्वभावानं इतका गरीब की दुसऱ्याच्या घरी उंबर खाताना बी परत द्यायचा. त्याची बायको सगुणा.

या पक्ष्यांची एक रीत असते, ती कळली नाही तर पुढचं काही कळणार नाही. अंडी घालायची वेळ आली की मादी झाडाच्या ढोलीत जाऊन बसते. आणि ढोलीचं तोंड चिखलानं लिंपून बंद करून घेते! आतून ती लिंपते, बाहेरून नवरा चिखल पुरवतो. फक्त चोचीपुरती फट ठेवायची. त्या फटीतून नवरा दिवसभर उंबरं भरवतो. आत तिची पिसं झडतात. अंडी फुटतात, पिल्लं वाढतात, आणि मग तीच एक दिवस चोचीनं भिंत फोडून बाहेर येते. अडीच तीन महिने ती बाई कोंडून घेऊन बसते, एका नवऱ्याच्या भरवशावर. धाडसच म्हणायचं.

साळोबाशेठनी सभा घेतली त्याच्या आदल्याच दिवशी सगुणानं भिंत लिंपली होती.

"नाना, ती आत आहे हो," धनाजी म्हणाला. "झाड कसं पाडणार?"

"दोन महिने माहेरी पाठवा वहिनींना," घुबडनाना म्हणाले.

"अहो, ती आत बसलीय. भिंत लिंपलीय."

"बघा बुवा. तुमच्या एका ढोलीपायी चाळीस बिऱ्हाडं लटकलीत. आम्ही काही बोलत नाही."

आणि खरंच ते बोलेनासे झाले. वानरं धनाजीला बघून फांदी बदलू लागली. पोपटांनी पोरांना सांगितलं, त्यांच्याकडं खेळायला जायचं नाही. ज्या खारीच्या पिल्लांना धनाजीनं उन्हाळ्यात उंबरं आणून दिली होती, ती खार एक दिवस म्हणाली, "धनाजीभाऊ, राग मानू नका, पण तुम्ही फार स्वार्थी आहात." धनाजीला ते फार लागलं.

तिसऱ्या दिवशी साळोबाशेठ स्वतः आले. एकटे. काटे मिटलेले, आवाज मऊ.

"धनाजीराव, तुम्हाला काय वाटलं, मी राक्षस आहे? मला लेकरं नाहीत का? वहिनी आत असताना मी झाडाला हात लावीन?"

"मग थांबा ना शेठ. तीनच महिने."

"थांबतो की! लिहून देतो."

त्यांनी पळसाचं पान काढलं, काटा उपटला आणि धनाजीसमोर लिहिलं, 'सगुणाबाई स्वतःच्या चोचीनं भिंत फोडून बाहेर येईपर्यंत बेहड्याच्या झाडाला कुणीही हात लावणार नाही.' खाली सही.

"आणि साक्षीदार म्हणून कोण हवं ते सांगा. कुणी ऐरागैरा नको."

दुसऱ्या दिवशी बेहड्याखाली सिंह आला. सिंहानं पान वाचलं, "वा!" म्हणाला आणि पंजा उमटवला. तो जातो न जातो तोच वाघ आला. त्यानंही पान वाचलं, "वा!" म्हणाला आणि सिंहाच्या पंजाशेजारी आपला पंजा उमटवला.

सिंह आणि वाघ, एका पानावर! जंगलाच्या इतिहासात असं घडलं नव्हतं. वानरांनी टाळ्या पिटल्या. धनाजीचे डोळे भरून आले. तो थेट ढोलीच्या फटीशी गेला.

"अगं, ऐकलंस का? वनराजांनी सही केली. आणि वाघसाहेबांनीपण!"

मग सगुणा म्हणाली, "दोघांनी? एकाच पानावर?"

"एकाच!"

"अहो, मला भीती वाटते."

"भीती कसली, वेडे?"

"ते दोघं भांडतात ना, तेव्हा मधल्या मधे एखादा ससा तरी निसटतो. ते एक झाले तर आपण जायचं कुठं?"

धनाजी हसला. बायका आपल्या घाबरटच, असं त्याला वाटलं.

सगुणा म्हणाली, "मी सांगू का? मी भिंत फोडते. अजून अंडं घातलेलं नाही, पिसंही शाबूत आहेत. ओली आहे भिंत, दोन टोचांत पडेल. आपण डोंगरापलीकडं जाऊ. तिथं असेल एखादी ढोली."

"आणि या लोकांचं काय? सगळे आपल्याला नावं ठेवतील."

"ठेवू देत."

"अगं, लेखी दिलंय त्यांनी. तोंडी असतं तर मीच म्हटलं असतं चल म्हणून. सही आहे, दोन पंजे आहेत. आणखी काय पाहिजे माणसाला?"

सगुणा म्हणाली, "बरं. तुम्ही म्हणता तर बसते."

धनाजीनं झाड पाडायच्या परवानगीच्या पानावर पाय उमटवला. चाळीसावा. त्या दिवशी खारीनं त्याला घरी जेवायला बोलावलं.

पुढचे दिवस सुखाचे गेले. सगुणानं दोन अंडी घातली. तिची पिसं झडली, एकूण एक. अंडी फुटली. "दोन्ही तुमच्यासारखी आहेत," ती फटीतून म्हणाली, "नुसती चोच आणि भूक." धनाजी पहाटेपासून उंबरं आणायचा. घशात वीसवीस भरून आणायचा आणि एकेक काढून फटीतून द्यायचा. दमायचा, पण फार सुखात होता तो. पिल्लांची नावंही त्यानं ठरवली होती. मला ठाऊक आहेत. तुम्हाला सांगणार नाही.

मग एके दिवशी सगुणा म्हणाली, "अहो, खालून आवाज येतोय. खरवडल्यासारखा."

धनाजी खाली उतरला. बुंध्यापासून पाच हातांवर एक भला मोठा खड्डा चालला होता. पन्नास घुशी माती उपसत होत्या. त्यांत ती टेकाडावरची घूसही होती. तिला बीळ अजून मिळालं नव्हतं, म्हणून मिळेपर्यंत ती साळोबाशेठकडंच कामाला लागली होती.

"बाई, हे काय चालवलंय?"

"तळं हो, दादा. मनोऱ्यापुढं तळं आहे ना चित्रात." घुशीनं घाम पुसला. "तुम्ही काळजी करू नका. शेठनी बजावलंय, झाडाला नख लागता कामा नये. आम्ही बघा, पाच हात सोडून खणतोय."

"पण ही मुळं?"

खड्ड्याच्या भिंतीतून बेहड्याची मुळं उघडी पडली होती. तुटलेली टोकं पांढरी दिसत होती.

"ती मधेच आली," घूस म्हणाली.

धनाजी साळोबाशेठकडं धावला. साळोबाशेठनी त्याला बसवलं, पाणी दिलं, पान काढून पुन्हा वाचून दाखवलं. "झाडाला हात लावलाय का कुणी? नाही ना? शेजारच्या मोकळ्या जागेत तळं खणू नये, असं कुठं लिहिलंय का? तुम्हीच वाचा. धनाजीराव, लेखी आहे ते. मी शब्दाबाहेर जाणारा माणूस नाही."

धनाजी सिंहाकडं गेला. सिंह गरजला, "तळ्याला विरोध? तहानलेल्या जनतेच्या तळ्याला?" नदी शंभर पावलांवर वाहत होती.

धनाजी वाघाकडं गेला. वाघानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "अन्याय आहे हा, धनाजीराव," तो म्हणाला. "घोर अन्याय. आमचं राज्य असतं तर हे तळं कितीतरी खोल झालं असतं."

धनाजी परत आला तेव्हा सगुणा वाटच बघत होती.

"काय म्हणाले?"

"काही नाही. तळं होतंय म्हणे."

"झाड हलतंय हो."

"वारा असेल."

वारा नव्हता. पान हलत नव्हतं. धनाजीला ते दिसत होतं, आणि तिलाही फटीतून दिसत असणार. पण करणार काय? तिच्या अंगावर एक पीस नव्हतं आणि पिल्लांचे डोळेही उघडले नव्हते. भिंत आता वाळून दगड झाली होती. धनाजी त्या फटीशी बसून राहिला. 'ओली होती तेव्हा फोडू दिली असती तर,' हे एकच त्याच्या मनात घोळत होतं. ते त्यानं तिला सांगितलं नाही. तिनंही काढलं नाही.

चौथ्या दिवशी सकाळी तो उंबरं आणायला गेला. परत येताना त्याला लांबूनच वानरं उड्या टाकताना दिसली. पोपटांचा थवा उडाला. वटवाघळं भर उन्हात फडफडत निघाली. ज्यांना ज्यांना पाय होते, पंख होते, ती सगळी सुटली. मग तो बेहडा हळूहळू कलला आणि मुळासकट खड्ड्यात आडवा झाला.

कलताना सगुणा आतून भिंत फोडत होती. चोचीचं टोक तुटलं, पण भिंत फुटली. ती बाहेर पडली, उघड्या अंगाची, रक्तानं भरलेली, आणि वळून पुन्हा आत चोच घालणार तोच ढोली मातीखाली गेली.

धनाजी पोचला. त्याच्या घशात उंबरं होती. ती तशीच राहिली.

संध्याकाळच्या आत चौकशी झाली. म्हणजे बघा, कारभार किती चोख! सिंह आला, वाघ आला. घुबडनानांनी पान वाचलं आणि सगुणाला विचारलं, "वहिनी, एवढंच सांगा. तुम्ही स्वतःच्या चोचीनं भिंत फोडून बाहेर आलात का?"

सगुणा म्हणाली, "हो."

"मग झालं तर," घुबडनाना म्हणाले. "अट पुरी झाली. कुणी कुणाचा शब्द मोडला नाही."

साळोबाशेठनी मान खाली घातली होती. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. दोन दिवस ते कंदाला शिवले नाहीत, असं त्यांच्या चरित्रात लिहिलंय.

मनोरा झाला. बारा मजली. झाड पडून तो खड्डा बराचसा भरला होता, म्हणून वर माती लोटून तळं रद्द केलं. वानरांना जिना मिळाला. पहिल्याच दिवशी दोघांचे पाय मोडले. नदी बघायची हौस असलेले लोक कुठून कुठून आले आणि खिडक्या लावून आत बसले. मनोऱ्याला नाव दिलं, 'सगुणा हाइट्स'.

उद्घाटनाला फितीऐवजी बांधलेली वेल कापायला सगुणालाच बोलावलं. तिला पिसं पुन्हा फुटली होती. धनाजी आला नाही. तो डोंगरापलीकडं जाऊन बसला होता आणि कुणाशीच बोलत नव्हता. शेजारी सगुणाला म्हणाले, "झालं गेलं गंगेला मिळालं, वहिनी. शेठनी एवढा मान दिलाय. जावं."

सगुणा म्हणाली, "जाते. मला सगळ्यांसमोर एकच सांगायचंय."

मंडप बुजवलेल्या खड्ड्यावरच घातला होता आणि खच्चून भरला होता. झालर या वेळी दोन रंगांची होती, कारण मधोमध सिंह आणि वाघ मांडीला मांडी लावून बसले होते. सगुणा वर गेली. तिची तुटकी चोच सगळ्यांना दिसली.

ती म्हणाली, "माझी दोन पिल्लं इथं खाली आहेत. तुम्ही बसलाय त्याच्या खाली."

एवढंच म्हणाली.

वानरांच्या म्होरक्यानं आपले पाय हळूच वर घेतले. खार रडू लागली. वाघानं मान खाली घातली. सिंहानं घसा खाकरला. घूस मागं उभी होती, ती आपल्या नखांकडं बघत राहिली. असं वाटलं की आता कुणीतरी उठेल. कुणीतरी काहीतरी म्हणेल.

साळोबाशेठ उठले.

त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. खरं पाणी, उगाच खोटं सांगणार नाही. ते सगुणाजवळ गेले, तिच्यापुढं वाकले आणि म्हणाले, "ताई, तुमचं दुःख आजपासून माझं. या जागेवर मी एक मजलाही चढवणार नाही. इथं मी बाग करीन. रहिवाशांच्या मुलांसाठी. घसरगुंडी, झोका, सगळं. तिचं नाव, पिल्लू उद्यान!"

टाळ्यांचा असा कडकडाट झाला की नदीपलीकडची पाखरं उडाली. सिंह उभा राहून टाळ्या वाजवत होता. वाघ उभा राहून टाळ्या वाजवत होता. खार रडत रडत वाजवत होती. बागेकडच्या खिडक्यांच्या जागा त्याच संध्याकाळी संपल्या.

सगुणा वर तशीच उभी होती. कुणीतरी तिला हाताला धरून खाली उतरवलं, कारण जेवणाची पानं मांडायची होती.

संपली गोष्ट. काय? पिल्लांची नावं? नाही म्हणून सांगितलं ना एकदा. तेवढं तरी राहू दे त्यांच्याकडं.

तात्पर्य : दिलेला शब्द पाळणाऱ्याचं नेहमी कल्याण होतं. तो ज्याला दिला होता त्याचं काय होतं, हे चांगल्या मुलांनी विचारायचं नसतं. चला, झोक्यावर नंबर लावा.